एकाच बाईची दोन सेवापुस्तके

मृणालिनी पुणतांबेकर हिने सगळी नोकरी एकाच प्रयोगशाळेत, एकाच खिडकीपाशी केली. तरी सरकारी कागदांत मात्र ती एकदा नोकरी सोडून गेली होती आणि तिच्या जागी दुसरीच कुणी बाई रुजू झाली होती. हे तिला स्वतःला कळायला सहा वर्षे लागली.

बियाणे तपासणाऱ्या एका सरकारी निगमाची प्रयोगशाळा वाराणसीत शिवपूरच्या रस्त्याला होती. १९८३च्या जुलैत ती तिथे सहायक म्हणून लागली, तेव्हा तिचे नाव कालिंदी शिवराम खांबेटे होते. वडील ब्रह्माघाटावर याज्ञिकी करत. मुलीने बीएस्सी करून सरकारी नोकरी धरली याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवता येत नसे. गावाहून यजमान आले की दक्षिणेच्या आधी ते मुलीच्या नोकरीची गोष्ट काढत.

काम शांत डोक्याचे होते. पोत्यांतून आलेल्या नमुन्यातले चारशे दाणे मोजून घ्यायचे, शंभर-शंभर करून ओल्या कागदात गुंडाळायचे आणि ठरल्या दिवशी कागद उलगडून किती दाण्यांना चांगला अंकुर फुटला ते पाहायचे. गव्हाला आठ दिवस. आकडा कमी आला तर ते बियाणे शेतकऱ्याकडे जात नसे. कालिंदी मोजताना नोंदवहीच्या कच्च्या पानावर चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी मारी. सगळे जण ती डावीकडून उजवीकडे उतरती मारत, ही खालून वर चढती मारी. शेजारच्या टेबलावर अवधेश मिश्र नावाचा बनारसी सहकारी होता. तो तिच्यानंतर वर्षाने लागला होता. तो म्हणे, "बहनजी, आपके दाने भी ऊपर को उगते हैं और लकीर भी."

१९८९च्या फेब्रुवारीत तिचे लग्न दुर्गाघाटावरच्या बिंदुमाधव पुणतांबेकरांशी झाले. ते पाठशाळेत व्याकरण शिकवत. स्वभावाने गरीब, आवाजाने मोठे. घर चालवत त्या त्यांच्या आई, अंबिकाबाई. पंचगंगेपासून ब्रह्माघाटापर्यंतच्या मराठी घरांत कुणाकडे कोणता कुळाचार कसा होतो हे त्यांना तोंडपाठ होते. काशीत चार पिढ्या काढल्या तरी आपल्याकडची रीत तसूभर ढळू द्यायची नाही, असा त्यांचा बाणा.

गृहप्रवेशाच्या दिवशी तांदळाच्या ताटात बिंदुमाधवांनी अंगठीने बायकोचे नवे नाव लिहिले. नाव आईने ठरवलेले होते, मृणालिनी. कालिंदी का नको, असे कुणी तरी विचारले तेव्हा अंबिकाबाई म्हणाल्या, "गंगेच्या काठावर राहून सुनेला यमुना म्हणून हाक मारू का? गंगामाईला काय वाटेल?" सगळे हसले. नवी सूनही हसली. नाव तिला आवडले होते.

रजा संपवून ती कामावर निघाली तेव्हा सासूबाईंनी आठवण केली, "ऑफिसात सांग हो नाव बदललं म्हणून. घरात एक, बाजारात एक असं नको."

तिने रीतसर अर्ज लिहिला. यापुढे आपल्याला मृणालिनी बिंदुमाधव पुणतांबेकर या नावाने ओळखावे, एवढाच. आस्थापना शाखेतल्या मोठ्या बाबूंनी चष्मा कपाळावर चढवून तो दोनदा वाचला. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत लग्नानंतर कुणाच्या नावापुढे 'कुमारी' जाऊन 'देवी' आले होते, कुणाचे आडनाव बदलले होते. पण मूळ नावासकट वडिलांचे नाव, आडनाव, सगळेच बदललेली बाई त्यांनी पाहिली नव्हती.

"उपनाम तो समझे," ते म्हणाले, "मगर नाम कहाँ गया?"

"आमच्यात तेही बदलतात," तिने हिंदीत समजावले.

"फिर आपमें बचता क्या है?" बाबूंनी विचारले आणि अर्ज ठेवून घेतला.

माणूस सरळ होता. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरचे नाव खोडायचे नाही, हा नियम त्याला पाठ होता. नाव पूर्ण बदलले तर काय करायचे याचा नियम त्याला सापडला नाही. म्हणून त्याने नव्या नावाचे नवे सेवापुस्तक उघडले, त्यावर त्या दिवसाची तारीख घातली आणि जुने पुस्तक 'बंद' असा शेरा मारून सोडून गेलेल्या लोकांच्या गठ्ठ्यात बांधले. पगार प्रयोगशाळेच्या बिलातून पूर्वीसारखाच येत राहिला. त्यामुळे काही बिघडले आहे हे कळायला वाव नव्हता. पुढे ते बाबू निवृत्त होऊन बलियाला आपल्या गावी गेले.

१९९५च्या ऑगस्टमध्ये विश्लेषकाची जागा रिकामी झाली. विश्लेषक म्हणजे ज्याच्या सहीने बियाणे पास होते तो. या प्रयोगशाळेत त्या खुर्चीवर आजवर बाई बसलेली नव्हती. सहायकांची तात्पुरती ज्येष्ठता यादी फलकावर लागली. पहिले नाव ज्या गृहस्थांचे होते ते निवृत्तीला टेकले होते आणि त्यांनी बढती नको असे लिहून दिले होते. दुसऱ्या नंबरवर आपले नाव असणार हे मृणालिनीला माहीत होते. तिथे अवधेश मिश्र होता. ती सातवी होती. नावापुढे नेमणुकीची तारीख फेब्रुवारी १९८९.

आक्षेपाला तीस दिवस होते.

नव्या मोठ्या बाबूंनी दोन्ही पुस्तके काढून टेबलावर ठेवली. "कालिंदी खांबेटे फेब्रुवारीत गेल्या, मृणालिनी पुणतांबेकर फेब्रुवारीत आल्या. कागद तर हेच सांगतो," ते म्हणाले. "दोघी एकच आहेत, हे कोण सांगणार?"

"मी सांगते की."

"तुम्ही तर सांगणारच, बहनजी." ते उर्मट नव्हते. त्यांनी उपाय सांगितले. राजपत्रात नाव बदलून घ्यायचे, पण त्याला सहा-सात महिने लागतील आणि यादी त्याआधी पक्की होईल. किंवा उपसंचालकांपुढे सुनावणी घ्यायची, आणि नाव ज्याने बदलले त्याने हजर राहून तसे लिहून द्यायचे. "कुणी बदलले?"

"सासूबाईंनी," ती म्हणाली, आणि तिथेच तिचा धीर खचला.

त्या संध्याकाळी मैदागिनला टेम्पोतून उतरून गल्ल्यांतून घरी जाताना तिच्या मनात एकच हिशेब घोळत होता. अंबिकाबाई सत्तरीच्या. घाट आणि देऊळ सोडून त्या कुठे जात नसत, कचेरीची पायरी त्यांनी जन्मात चढलेली नव्हती. आणि त्यांना म्हणायचे काय? तुम्ही दिलेल्या नावाने माझी सहा वर्षे गेली, आता चला आणि तसे सांगा? पुरुषाचे लग्न झाले तर कार्यालयातला एक कागद हलत नाही, हेही तिच्या मनात आले. अवधेशचे लग्न तिच्याच वर्षी झाले होते. त्याने ऑफिसात फक्त लाडू वाटले होते.

नवऱ्याला तिने रात्रीच्या जेवणानंतर सगळे सांगितले आणि आईंना सांगू नका अशी गळ घातली. "सातवी तर सातवी. पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळेपर्यंत बाकीचे पाच जण काय निवृत्त होणार आहेत?" बिंदुमाधव म्हणाले. त्यांचा आवाज असा की गुपित त्यांच्याकडे टिकत नसे. भिंतीपलीकडे जाग होती.

दोन दिवस अंबिकाबाई नेहमीसारख्याच वागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी फुलवाती वळता वळता त्यांनी विचारले, "मृणाल, सुनावणी कधी आहे?"

कामावर निघालेली ती दारातच थांबली.

"मी नाव दिलं ते वाईट दिलं का?"

"नाही हो आई. नावाचं काही नाही."

"मग कशाचं आहे?" अंबिकाबाईंनी वात बाजूला ठेवली. "मला इथं आणलं तेव्हा मी लतिका होते. तेरा वर्षांची. त्या दिवसानंतर त्या नावानं कुणी हाक मारली नाही. आईसुद्धा पत्रात अंबिका लिहायची. मला काही वाटलं नाही, सगळ्यांचंच तसं. पण माझं त्या नावावर काही जमा नव्हतं. तुझं सहा वर्षांचं काम आहे. ते मी कशाला घेऊ?"

मृणालिनी त्यांच्याजवळ येऊन बसली. "तुम्हाला कचेरीत यावं लागेल," ती एवढेच म्हणाली.

"येईन. जरीची नेसू की साधी?"

सुनावणी सप्टेंबरच्या मध्यावर होती. अंबिकाबाई साधी नऊवारी नेसून, मुलाचा हात न धरता मैदागिनपर्यंत चालल्या आणि तिथून रिक्षात बसल्या. कचेरीत त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली, तेव्हा त्यांनी आधी तिची धूळ पदराने झटकली. उपसंचालक मध्यम वयाचे, थोडे कंटाळलेले गृहस्थ होते. दोन्ही पुस्तके त्यांच्यासमोर होती.

"माताजी, आपका नाम?" लेखनिकाने विचारले.

"कौन सा लिखोगे? पहिलेवाला कि बादवाला?"

उपसंचालकांनी मान वर केली. कंटाळा थोडा उतरला. त्यांनी हकिगत विचारली. अंबिकाबाईंनी काशीच्या खड्या हिंदीत ताट, तांदूळ, अंगठी, सगळे सांगितले. गंगेचे आणि यमुनेचेही सांगितले. साहेब हसले, पण त्यांनी नेमका प्रश्न विचारला: ही तीच बाई आहे, असे तुम्ही कशावरून म्हणता?

"साहब, नाम हमने बदला था. लड़की नहीं बदली," त्या म्हणाल्या. "सोमवारी माझ्या घरात आली, दहा दिवसांनी तुमच्याकडे परत गेली. वाटेत दुसरी कुठून येणार?"

लेखनिकाने हे जसेच्या तसे लिहून घेतले.

तरीही कार्यालयाचा कागद लागत होता. घरच्या माणसाचे म्हणणे एकट्याने पुरेना. प्रयोगशाळेतून कुणी साक्ष देणार आहे का, असे उपसंचालकांनी विचारले आणि मृणालिनीने मान खाली घातली. साक्ष देऊ शकेल असा माणूस एकच होता, आणि जागाही त्याचीच जाणार होती. त्याला विचारायचे तिच्या जिवावर आले होते, म्हणून तिने विचारले नव्हते.

अवधेश बाहेरच्या बाकावर बसला होता. तिने न सांगता तो आला होता, आणि त्याच्या मांडीवर १९८८-८९ची अंकुरण नोंदवही होती. आत येऊन त्याने ती टेबलावर उघडली. गव्हाच्या एका नमुन्याची कच्ची मोजणी पान उलटून दाखवली, लग्नाच्या आधीची. मग दुसरी, लग्नानंतरची. खाली सह्या वेगळ्या. रेघा त्याच, खालून वर चढत गेलेल्या.

"सर, पूरे उत्तर प्रदेश में ऐसी लकीर कोई दूसरी औरत खींचती हो तो हम मान लें," तो म्हणाला.

"मिश्रजी, तुमचा नंबर मागे जाईल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. मी यांच्या शेजारी अकरा वर्षं बसतोय, सर. सहा वर्षं एकीच्या आणि सहा दुसरीच्या शेजारी बसलो असतो तर घरी मारच खाल्ला असता."

"अकराच्या बारा कशा झाल्या?" उपसंचालकांनी विचारले.

"मोजणी बहनजींकडेच असते," अवधेश म्हणाला.

निकाल तिथेच लागला नाही. सरकारी काम, तीन आठवडे गेले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्त यादी लागली. दोन्ही सेवापुस्तके एकत्र शिवून त्यांवर शिक्का मारलेला होता आणि आदेशात एक ओळ होती: विवाहामुळे नाव बदलल्यास महिला कर्मचाऱ्याचे नवे सेवापुस्तक उघडू नये, जुन्यातच नोंद घ्यावी. ती ओळ कुणी सुचवली हे कळले नाही. मृणालिनीच्या नावापुढे जुलै १९८३ होते.

ती आधी अवधेशच्या टेबलापाशी गेली. तिने आभार मानायला सुरुवात केली. त्याने ते मध्येच तोडले. "आता मिठाई तुम्ही आणायची. माझी तर गेली," तो म्हणाला. "आणि माझे नमुने नापास करताना जरा हात आखडता घ्या." पुढे चार वर्षांनी दुसरी जागा निघाली तेव्हा तोही विश्लेषक झाला. त्या दिवशी मृणालिनीने सगळ्या कार्यालयाला मलइयो, ती दुधाच्या फेसाची बनारसी मिठाई, खाऊ घातली.

त्या ऑक्टोबरात स्वतःच्या बढतीचा आदेश घेऊन ती घरी आली तेव्हा अंबिकाबाई भाजी निवडत होत्या. तिने वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला आणि व्यवहाराचे विचारले, "म्हणजे आता काम काय वाढणार?"

"मोजायचं बाकीचे मोजतील. सही माझी लागेल. माझ्या सहीशिवाय बियाणं बाहेर जाणार नाही."

"मग घाईत करू नकोस," अंबिकाबाई म्हणाल्या. "शेतकऱ्याचं वर्ष असतं त्यात."

तिच्या सहीसाठी आलेला पहिला नमुना चंदौलीकडच्या गव्हाचा होता. पास व्हायला चारशांत तीनशे चाळीस लागत आणि आकडा त्या काठावर होता. सहायकाने मोजून ठेवले होते, तरी तिने चारही कागद पुन्हा उलगडले, दिव्याखाली धरले आणि स्वतः मोजले. तीनशे शेहेचाळीस. सहायकाचा आकडा बरोबर होता. तिने त्याला तसे सांगितले आणि सही केली.