देवीच्या दारात फोडलेला चुडा

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी देवीपुढं भक्तीनं नव्हे, रागानं बसले होते. निजामाच्या अंमलातली गोष्ट. माझे यजमान मुदतीच्या तापातून उठले, म्हणून सासूबाई आम्हाला फुलंब्रीजवळच्या देवीला नवस फेडायला घेऊन गेल्या. माझ्या हातांत नवा हिरवा चुडा होता. देवळापुढच्या वडाला मोहोळ लागलंय, खाली धूप घालू नका, असं मी दोनदा बजावलं. सुनेचं ऐकतं कोण! धूर वर गेला आणि मोहोळ उठलं. मी सासूबाईंना पदराखाली घेतलं, आणि माझाच उजवा हात माश्यांनी फोडून काढला.

सासूबाई चिमटीत धरून काटे ओढू लागल्या, तशी आग आणखीच वाढली. घटकाभरात हात टम्म सुजला, बांगड्या मांसात रुतल्या, बोटं निळी पडली. "या काढा हो," मी यजमानांना म्हणाले. "देवीच्या दारात बांगड्या फोडायच्या नाय!" सासूबाई कडाडल्या. "माझ्या लेकाच्या जिवावर येईल." आणि ज्यांच्या उशाशी मी महिनाभर जागले, ते खाली मान घालून गप्प. तो गप्पपणा मला माश्यांपेक्षा जास्त झोंबला. मी देवीला मनातल्या मनात म्हणाले, एवढे हात आहेत तुला, मग बघत काय बसलीस?

तेवढ्यात पायरीशी बांगड्या विकणारी म्हातारी मनियारीण उठून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "चिमटीनं नको ओढू माय, इख आत उतरतं," असं म्हणत तिनं नखानं खरवडून काटे काढले, हात धुतला, गार पाण्याची पट्टी ठेवून वर धरायला लावला. मग ओल्या चिंधीची घडी बांगड्यांखाली सारून एकेक बांगडी फोडली. सासूबाई ओरडत होत्या. "चुप बैठो अम्मा," ती मान वर न करता म्हणाली. "बांगड्या लई हायेत माझ्याकडं. हात कुठून आणू?"

संध्याकाळपर्यंत बोटांत रक्त खेळू लागलं. यजमानांनाही काही झालं नाही, पुढं चांगले म्हातारे होऊन गेले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा राग माझा अजून पुरता गेलेला नाही. देवीवरचा मात्र तिथंच गेला. शरण जायचं म्हणजे मुकाट सोसायचं, असं मला शिकवलं होतं. तसं नाही. त्या अनोळखी बाईच्या हातात मी माझा हात विश्वासानं दिला, तेच माझं शरण जाणं. आजही देवीपुढं उभी राहिले की दोन्ही हात जोडले जातात, आणि डोळे मिटले की आधी ती मनियारीणच दिसते.