युसूफभाईची गल्ली

"मुंबईकर गेला राव," पहिल्या शिफ्टच्या चहाला कुणीतरी म्हणालं आणि दोघंजण हसले. सवयीनं. युसूफभाई वारला त्याला आता दीड महिना होईल.

युसूफभाई आमच्या पिंपरीच्या कारखान्यात लेथवर होता, राहायला काळेवाडीत. मुंबईचं त्याला भारी वेड. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की सुरू व्हायचा. फोर्टला एके काळी खरोखरचा कोट होता, त्याला तीन दरवाजे होते, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडवीत आभाळातून सोन्याच्या विटा पडल्या... "आमी तिथलेच," म्हणायचा. आम्ही एकमेकांना डोळे मिचकावायचो.

सात-आठ वर्षांपूर्वी खात्याची सहल मुंबईला गेली, तेव्हा साहजिकच वाटाड्या तोच. गेटवे, म्युझियम, चौपाटी सगळं त्यानं ऐटीत दाखवलं. दुपारी मीच म्हणालो, "आता तुझं घर दाखव की!" तो नको नको म्हणत होता, पण मी हट्टानं बस मांडवीकडे वळवायला लावली. तिथं एका लांबलचक गोदामासमोर तो उभा राहिला. भिंतीकडे बघत म्हणाला, "गल्ली इथंच होती..." पुढं बोललाच नाही. सगळी बस पोट धरून हसली. "आणि सोन्याची वीट कुठंय?" मी ओरडलो. त्या दिवसापासून तो 'मुंबईकर' झाला. फोरमनही त्याच नावानं हाका मारायचा. युसूफभाई मशीनपाशी एकटाच डबा खाऊ लागला. मुंबईचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. भाभींनी खुर्ची पुढं केली. न राहवून विचारलं, "भाभी, तो खरंच मुंबईचा होता?"

"होते ना. लढाईत गोदीत जहाज फुटलं. त्यात दारूगोळा होता, सोनंही होतं. यांची गल्ली अख्खी जळाली. अम्मी गेली, दोन बहिणी गेल्या. हे मामूकडे इकडं आलेले, म्हणून वाचले. सोन्याचं सगळ्यांना सांगायचे, भाऊ. अम्मीचं कुणालाच नाही."

भाभी चहा गाळायला उठल्या.

"सहलीहून आले तेव्हा म्हणाले, आमची चूल होती तिथं गोदाम बांधलंय. मी म्हटलं, दोस्तांना सांगायचं ना. तर म्हणे, सगळे हसत होते, त्यात अम्मीचं नाव कसं काढू?"

कोण हसत होतं, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "ही त्यांचीच खुर्ची. बसा नीट, टेकून बसा."