टेलनेटवरचा तान्हा पोळा

मागे कोणी कसं टाइप करतंय हे टकटकबाईंना पाठमोरं बसूनही कळायचं. "कोन हाय रे तो? स्पेसबार हाय, ढोल नाई," असं त्या मान न वळवता म्हणायच्या आणि लॅबमधला तो विद्यार्थी बोटं आवरायचा. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात ऐकवलं, "सर, दोन बोटांवर तुम्ही एवढे शिकले, दहाही लावले असते त काय झालं असतं!"

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संगणक विभाग सांभाळत होतो. बाई, म्हणजे पोरांच्या टकटकबाई, सिंदी रेल्वे या गावच्या. तिथं त्यांचा टायपिंगचा क्लास होता. संगणक आले, क्लास ओस पडला आणि बाई रोज पॅसेंजरनं येऊन आमच्याकडे ऑपरेटरचं काम करू लागल्या, तेही हंगामी. त्याबद्दल कुरकुरताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. "मशीननं माह्या क्लास खाल्ला, आता मी मशीनच्याच छातीवर बसून राह्यली," म्हणायच्या आणि डबा उघडायच्या.

टाइपरायटरवर अक्षरं आणि चिन्हं मारून चित्रं काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. केळझरचा गणपती त्यांनी नुसत्या फुल्या आणि टिंबांतून उभा केला होता. चित्र संपलं की शेवटच्या ओळीत, अगदी उजव्या कडेला भिडवून, त्या आपलं नाव टाइप करायच्या. "नाव कोपऱ्याले लागलं का चित्र पुरं झालं," हा त्यांचा नियम होता.

एकदा विद्यार्थ्यांनी टेलनेटनं परदेशातल्या कुठल्याशा मशीनला जोडून घेतलं. टेलनेट म्हणजे, आपल्या संगणकावर दुसऱ्याचा पत्ता टाकायचा, की त्याचा काळा पडदा आपल्यासमोर उघडतो. त्या पडद्यावर अक्षरांची माणसं चक्क चालत होती. सगळे तोंड उघडं टाकून पाहत होते. बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "हे त मीबी करतो. फक्त माह्यं चित्र उभं राह्यते, यांचं चालून राह्यलं. तुम्ही चालवून द्यान का, सर?"

मी हो म्हणालो. बाईंनी एकेक चित्र टाइप करून द्यायचं आणि माझ्या प्रोग्रामनं पडदा पुसून पुढचं चित्र पाठवायचं, असं ठरलं. लॅबमधल्या एका जुन्या मशीनला मी सर्व्हर केलं. विषय बाईंनी आधीच ठरवला होता : पोळ्याचा बैल. पण चार पायांची चाल काही केल्या जमेना. बैल कधी लंगडायचा, कधी बसल्यासारखा दिसायचा. दोन दिवस मी डोकं धरून बसलो. तिसऱ्या दिवशी बाई गाडीतून उतरून थेट माझ्या टेबलापाशी आल्या. "सर, आपन काऊन मरून राह्यलो? आपन तान्हा पोया करू. लाकडाचा बैल पाय हलवते का? चाकं फिरवा!"

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं चाकांवरचे लाकडी बैल दोरीनं ओढत मिरवतात. सिंदीत तर त्या दिवशी रस्ता पुरत नाही. झालं! पाय जागच्या जागी राहिले. चाकाच्या जागी एक आडवी रेघ, मग तिरकी, मग उभी, की चाक फिरलं. बैल पडद्याच्या एका कडेनं आला आणि दुसऱ्या कडेनं गेला. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

अडलं ते नावाशी. पडद्यावर चोवीस ओळी. बाईंचं नाव शेवटच्या ओळीच्या शेवटच्या घराला लागलं, की सगळा पडदा एक ओळ वर सरकायचा आणि बैल उडी मारायचा. मी नाव काढून टाकलं. "जागा पुरत नाही," म्हणालो. खरं तर बैलाच्या वरच्या रिकाम्या आभाळाची एक ओळ कमी केली असती तर नाव एक ओळ वर सहज बसलं असतं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. पण तोवर कॉलेजात 'सरांचा बैल' पाहायला लोक येऊ लागले होते, आणि मला ते आवडू लागलं होतं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बाई नवरा आणि सासूला घेऊन लॅबमध्ये आल्या. सासूबाई पडद्याला नाक लावून बैल पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बैल साजरा हाय वो. पन तुह्यं नाव कोठी हाय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "बैलाच्या मांगं हाय, आत्याबाई. बैल मोठा हाय ना, दिसत नाई."

त्या हसल्या, नवरा हसला, मीही हसलो. पुढच्या वर्षी ऑपरेटरची गरज संपली आणि बाई सिंदीला परत गेल्या. जाताना सगळ्यांना पेढे दिले. मीही एक घेतला, बैल मात्र नावाविनाच राहिला.

निवृत्तीनंतर जुन्या फाइली चाळताना बैल सापडला. एका माजी विद्यार्थ्यानं आपल्या सर्व्हरवर जागा दिली. मी आभाळाची ओळ कापली, नाव घातलं आणि लॅपटॉप घेऊन सिंदी गाठली. बाईंचे केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. बैल सुरू केला तर भरधाव सुटला. हल्लीची मशीनं वेगवान.

"अरे बाप्पा! बैल हाय का मोटरसायकल? हळू करा, सर."

मी वेग कमी केला. बैल संथ चालू लागला आणि खाली रोमन अक्षरांत स्पष्ट दिसलं : सुमन वानखेडे, सिंदी. बाईंनी चष्मा वर करून ते वाचलं. मग विचारलं, "हे कोनालेबी दिसते?"

"ज्याच्याकडे पत्ता आहे, त्या प्रत्येकाला."

वाटेत जुळवलेली माफीची वाक्यं बोलायला मी तोंड उघडलं, तोच बाईंनी हात वर केला. कानाला फोन होता. पुण्याच्या भाच्याला त्या माझ्या हातातल्या पत्त्याच्या चिठ्ठीवरून एकेक अक्षर सांगत होत्या. त्यानंतर हिंगणीची बहीण, मग नागपूरची नणंद. मधेच मला म्हणाल्या, "सर, तुम्ही चहा घेजा अन् जाजा. माह्याजवळ आज टाइम नाई."

मी चहा घेतला आणि निघालो. माफी राहूनच गेली, म्हणून इथं लिहितो : बैल बाईंचा होता.