जीभ बदल गो

सीमेवरचा पूल ओलांडून अमेरिकेत शिरलो, की काका स्टिअरिंगमागे सावरून बसायचे आणि म्हणायचे, “आता जीभ बदल गो.”

भाषा बदलायची नव्हती, बोलण्याची रीत बदलायची होती. कॅनडातल्या हॅमिल्टनमधल्या आमच्या कंपनीकडे रक्त तपासायच्या मशीन दुरुस्त करायचं काम होतं आणि निम्मी गिऱ्हाइकं पलीकडची, लहान गावांतली हॉस्पिटलं होती. मी नागपूरची, बौद्ध घरातली, नुकतीच कामाला लागलेली. काका म्हणजे माझे कामावरचे वरिष्ठ, अलिबागजवळच्या गावातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. साठीला आले होते. डब्यात चपाती आणि उकडलेली अंडी, कारण बाहेरचं मांस चालत नसे.

“अमेरिका अमेरिका काय करतेस? ते एक गाव आहे काय?” ते म्हणायचे. व्हरमाँटमध्ये फार बोलायचं नाही. तिथला माणूस नमस्कारही करणार नाही, पण तुमची गाडी बर्फात रुतली तर मुकाट्याने फावड्याने बर्फ उपसून देईल. मिनेसोटात खायला पुढे केलेलं दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. “अगदी आपल्या अलिबागसारखं!” कॅलिफोर्नियात पाच मिनिटांत जिवलग मित्र होतात, सहाव्या मिनिटाला नाव विसरतात. आणि दक्षिणेत प्रत्येक वाक्याला सर, मॅम.

असा एखादा जाणता माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपण त्याच्या मागे चालतो आणि समजतो, याला भीती ठाऊकच नाही.

मला मात्र भीतीखेरीज काही ठाऊक नव्हतं. बंदुकांच्या बातम्या इतक्या वाचल्या होत्या, की पेट्रोल पंपावरच्या वॉशरूमला जातानाही मी काकांना दाराशी उभं करायची.

एका फेब्रुवारीत आम्ही दक्षिणेतल्या डोंगराळ भागात होतो. दुपारची वेळ. पाऊस रस्त्यावर पडता पडता गोठत होता. नकाशाने आम्हाला एका कच्च्या वाटेवर नेलं आणि गाडी घसरून चरात गेली. फोनला सिग्नल नाही. वर चढावर एकच घर होतं. फाटकावर पाटी, आत पाऊल टाकाल तर गोळी घालू अशा अर्थाची.

“काका, गाडीतच बसू या.”

“गोठून मरू. चल. टोपी काढ, हात खिशातून बाहेर. फाटकाला हात लावायचा नाही.”

कुत्रं भुंकत धावून आलं. मागोमाग ओसरीवर एक म्हातारा आला. हातात लांब बंदूक, नळी जमिनीकडे. मी काकांच्या मागे सरकले. काकांनी रस्त्यावरूनच खणखणीत आवाजात हाक दिली, “गुड आफ्टरनून, सर! त्रास देतोय, माफ करा. गाडी चरात गेलीय.”

“कोण तुम्ही?”

काकांनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, काम सांगितलं. सावकाश, मधे मधे थांबून. म्हाताऱ्याने चरातल्या गाडीकडे एकदा पाहिलं. मग आत गेला, बंदूक ठेवून आला आणि ट्रॅक्टर काढला.

साखळी गाडीला अडकवताना त्याने विचारलं, “कुठल्या चर्चला जाता?”

मी काकांना कोपर मारलं. सांगा ना, कुठलंही!

“चर्च नाही, सर. मी ज्यू आहे.”

“आणि ही?”

“बुद्धिस्ट.”

म्हातारा साखळी हातात धरून थांबला. कुत्रंही गप्प झालं होतं. वर घराचं दार उघडंच होतं आणि बंदूक त्या दाराच्या आत होती. माझ्या मनात एकच आलं, आपण इथे आहोत हे कुणालाही माहीत नाही.

“गाडीत बसा,” तो शेवटी म्हणाला. त्याने गाडी ओढून रस्त्यावर आणली, साखळी सोडली आणि वळूनही न बघता निघून गेला. त्या गप्प बसण्यात काय होतं, मला आजही कळलेलं नाही.

मैलभर गेल्यावर मी चिडले. “खोटं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“मग त्याने पाद्र्याचं नाव विचारलं असतं.”

मी हसले, आणि हसता हसता माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. पॅडलवरचा पाय थडथड उडत होता. त्यांनी गाडी कडेला घेतली. “तू चालव पोरी. मला जमायचं नाही. एलियाहू हन्नबीला नवस बोललोय मी, त्या फाटकाशी.”

परत आल्यावर त्यांच्या घरी मलिदा झाला, एलियाहू पैगंबराच्या नावाने नवस फेडायचा विधी. गूळ, खोबरं घातलेले गोड पोहे, वर फळं. काकूंनी माझ्या हातावर प्रसाद ठेवत विचारलं, “नवस कशाचा, ते काही सांगत नाहीत हे.”

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “मशीन सुरू झाली म्हणून.”

मागच्या पानगळीत ते एकटेच नेब्रास्काला गेले होते. सकाळी हॉटेलात नाश्ता घेताना छातीत कळ आली. रुग्णवाहिका लांबच्या गावातून यायची होती. ती पोहोचेपर्यंत काका गेले होते.

आठवड्याने काकूंचा फोन आला. “त्या हॉटेलातली बाई शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती म्हणतात. मला तिचं बोलणं समजत नाही, आणि रडू येतं. तू विचारशील? शेवटी कसे होते ते?”

मी फोन केला. बाई काउंटरवर काम करणारी होती, आवाजावरून माझ्याच वयाची वाटली. मी त्यांची कोण, ते तिने आधी विचारलं. मग म्हणाली, “खूप घाबरले होते ते. माझा हात सोडत नव्हते. मी खाली जमिनीवर बसले, म्हटलं, मी कुठेही जात नाही.”

काकूंना मी सांगितलं, एक बाई त्यांचा हात धरून बसली होती, ती कुठेही गेली नाही.

“घाबरले नव्हते ना गो?”

“नाही, काकू,” मी म्हटलं.