उन्हाकडं तोंड करून

शेजारच्या मावशी डावं-उजवं कधी म्हणत नाहीत. "मिठाची बरणी उगवतीला सरकव," असं त्या माझ्या दहा वर्षांच्या मुलीला सांगतात आणि अंगणात तिच्याकडून खडूनं आमच्या कार्ला गावाचा नकाशा काढून घेतात. मला ते जरा अतिच वाटायचं.

परवा दुपारी डोंगरावरून उतरताना मुलगी मैत्रिणींपासून चुकली. तिचा रडत फोन आला. फोन तसाच घेऊन मी मावशींकडं धाव घेतली. मावशींनी फोन घेतला.

"रडू नगं. सावली कुटं पडलीय?"

"डोंगराकडं."

"मंग उन्हाकडं तोंड करून चाल. हमरस्ता लागला की थांब. आमी येतोय."

ती रस्त्याकडेला उभी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. मावशींनी तिला पोटाशी धरलं. संध्याकाळी अंगणातल्या नकाशातला हमरस्ता मी माझ्या हातानं गिरवला.