परत आलेला नंबर

हातकणंगल्याची म्हणून मी ज्या एस.टी.त चढले ती वडगावची निघाली. तिकीट काढताना ते कळलं. कंडक्टर सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ओ मॅडम, पाटी वाचून चढायचं की! शिकलेली माणसं तुमी." पुढच्या थांब्यावर मी उतरले, रस्त्याकडेला उभी राहिले आणि रडले. लाजेनं नाही, संतापानं. कारण पाटी मी वाचली होती, निदान मला तसं वाटलं होतं. लेझरचं ऑपरेशन करून घालवलेला माझा चष्म्याचा नंबर परत येत होता, आणि ते मला अजून स्वतःशीसुद्धा म्हणायचं नव्हतं.

तिसरीत असताना मला चष्मा लागला आणि दर वर्षी काच जाड होत गेली. गडमुडशिंगीत, माझ्या माहेरी, आमच्या गल्लीत मला नावापेक्षा 'चष्मेवाली' म्हणूनच जास्त ओळखत. पुढं स्थळं येऊ लागली तेव्हा एका बाईंनी मला चष्मा काढून चहा आणायला सांगितला, चालताना कशी दिसते ते बघायला म्हणून. मी आणला. ट्रे त्यांच्या मांडीत ठेवायचा तेवढा राहिला. आज हसू येतं, पण त्या दिवशी घरात कुणी हसलं नव्हतं.

लग्न झालं, कोल्हापुरात राहायला आले, हातकणंगल्याच्या शाळेत नोकरी लागली. दोन हजार सालच्या सुमारास लेझरनं चष्मा घालवतात अशी चर्चा सगळीकडे सुरू झाली. आम्हीही एका दवाखान्यात गेलो. ऑपरेशनला आत जाताना मी अंबाबाईला म्हटलं, नंबर गेला तर माहेरापासून तुझ्या दारापर्यंत अनवाणी येईन. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि गच्चीत गेले, तर समोरच्या लिंबाचं पान न् पान वेगळं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले होते, "आता चष्मा विसरा. कायमचा गेला." मी विसरले. नवस फेडायला अनवाणी गेले, आणि देवीची नथ, तिच्या कपाळावरचा मळवट, सगळं पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी वाटलं, आपलं ऐकलं गेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं शुक्रवार चुकवला नाही.

आणि मग एस.टी.ची पाटी. मग वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलांचे चेहरे. मी त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाले, "थोडा नंबर परत आलाय. काही जणांचा येतो. चष्मा लावा." इतकंच. बाहेर लोक थांबले होते. 'कायमचा' हा शब्द ते विसरले असतील, मी विसरले नव्हते. घरी आले तर आमचे हे म्हणाले, "लाव की चष्मा, त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं, हे ज्याला कधी ट्रे घेऊन चालावं लागलं नाही त्यानं म्हणावं.

पण खरा राग माणसांवर नव्हताच. माणसं चुकतात, खोटं बोलतात, धंदा करतात. माझा राग तिच्यावर होता. द्यायचं नव्हतं तर द्यायचं नव्हतं. दिलेलं परत कसं घेतलं? मी चष्मा केला नाही आणि देवळातही जाणं सोडलं. सासूबाई विचारायच्या, मी शाळेचं काम पुढं करायची. त्यातच उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात अधूनमधून लखकन उजेड चमकायला लागला आणि काळे ठिपके तरंगताना दिसायला लागले. पेपर तपासून डोळे शिणले असतील, असं धरून मी ते कुणाला सांगितलं नाही.

एका शुक्रवारी सासूबाईंचा गुडघा इतका धरला की त्यांना उठवेना. ओटीचं ताट त्यांनीच भरलं आणि म्हणाल्या, "मी जात्ये समज आणि जा. तुझं तिच्याशी काय असंल ते असंल." मला नाही म्हणता आलं नाही.

रांग पुढं सरकत पितळी उंबऱ्यापाशी आली. समोर गाभारा. दिव्यांचा पिवळा धूसर गोळा आणि त्यात कुठंतरी ती. चेहरा दिसेना. ज्या चेहऱ्यासाठी मी अनवाणी आले होते तो दिसेना. मग आत इतके महिने कोंडलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्यानं. "काढूनच घ्यायचं होतं तर दिलंस कशाला? आणि आता ही डोळ्यात वीज चमकवतेस ती कशासाठी? थट्टा आहे का माझी?"

मागून माझा दंड कुणीतरी घट्ट धरला. वळून बघितलं तर एक ठेंगणी, दणकट बाई. कपाळाला विभूती, अंगावर चांगलं इरकल लुगडं. "काय म्हणालीस? डोळ्यात वीज?" मला वाटलं, देवळात ओरडले म्हणून ही आता झापणार. तशी तिनं झापलंच. "अगं तंगी, कधीपासनं चमकतंय? काळं ठिपकं बी दिसत्यात व्हय? आणि अशी उभी काय हाईस?" तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. बाई गडहिंग्लजच्या, तिथं नवऱ्याचं आणि त्यांचं कापडाचं दुकान होतं. "आमच्या मालकांना असंच व्हायचं. माझा चष्मा जुना, त्यामुळं हाय म्हणायचे. दिवाळीचा सीझन होऊ दे, मग दाखवू. दिवाळी झाली आणि चांगला होता तो डोळाबी गेला की! डोळ्यातला पडदा सुटला म्हणाले डाक्टर. आता रोज मी हात धरून दुकानात न्हेतो." त्यांचा आवाज चढत गेला. "हिच्याशी भांडायला मीबी येतो. पण आज न्हाय. आज तू चल."

ओटी कशीबशी पुजाऱ्याच्या हाती दिली. त्या बाईंनी माझा दंड सोडला नाही. त्यांची गडहिंग्लजची गाडी चुकत होती, ते मी दोनदा म्हटलं, तर म्हणाल्या, "गाडी दुसरी येती. डोळा न्हाय येत." रिक्षावाल्याशी भांडल्या, ज्या दवाखान्यात त्यांच्या मालकांना उशिरा नेलं होतं तिथंच मला घेऊन गेल्या, आणि आधी नंबर लावलेला नसताना आत घ्या म्हणून तिथंही भांडल्या.

तिथल्या डॉक्टर बाईंनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि डोक्याला दिवा लावून बराच वेळ आत बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "पडद्याच्या कडेला चीर गेली आहे. अजून सुटला नाही. आजच लेझरनं तिच्याभोवती टाके घालू." मी म्हटलं, लेझर तर झालाय माझा. त्या म्हणाल्या, "तो बुबुळावर. त्यानं चष्मा जातो. मोठ्या नंबरामुळं तुमचा पडदा मुळात पातळ, तो तसाच राहतो. दर वर्षी तपासायला लागतो. हे कुणी सांगितलं नाही?" कुणी सांगितलं नव्हतं. टाके घालताना गडहिंग्लजच्या बाई दाराशी उभ्या होत्या. मला दिसत नव्हत्या, पण कानडीत काहीतरी पुटपुटत होत्या ते ऐकू येत होतं. ती प्रार्थना होती की शिव्या, मला आजही सांगता येणार नाही.

बरं वाटल्यावर मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले. भांडायलाच गेले. म्हटलं, पडदा तपासत राहा एवढं तरी सांगायचं होतं. ते म्हणाले, "हे बघा, नंबर परत येणं, पडदा फाटणं, हे आमच्या हातात नसतं." मी म्हटलं, "मग हे त्या दिवशी सांगायचं. त्या दिवशी सगळं तुमच्या हातात होतं." आणि उठले. मी दार जरा जोरातच ओढून घेतलं. त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

सासूबाई म्हणतात, ती अंबाबाईच आली होती. मी वाद घालत नाही. पण देवी कुणाची गाडी चुकवून रिक्षावाल्याशी भांडत असेल असं मला वाटत नाही. आणि गडहिंग्लजच्या दुकानात मी पुढं जाऊन आले आहे. त्यांचे मालक गल्ल्याशेजारी बसले होते. आवाजावरून त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, हसले आणि म्हणाले, "वाचला न्हवं तुमचा?"  ज्या घरातला डोळा गेला त्या घरानं माझा राखला. मी इतकी ओरडत होते, पण माझ्या नंबराच्या पलीकडचं मला काहीच ठाऊक नव्हतं. नंबर परत आलाच नसता तर त्या दिवशी त्या रांगेत मी तोंड उघडलं नसतं, आणि ती वीज तशीच चमकत राहिली असती. याचा अर्थ लावायला मी बसत नाही. मला एवढंच कळतं की काय घ्यायचं आणि काय ठेवायचं हे मला विचारून ठरत नाही, आणि हे मान्य केल्यापासून मला झोप बरी लागते. राग पूर्ण गेलाय असं नाही. त्या बाईंच्या मालकांकडे बघितलं की तो परत येतो, त्यांच्यासाठी.

शेवटी चष्मा केला, आणि पुढच्या शुक्रवारी तो घालून देवळात गेले. नथ दिसली, मळवट दिसला, डोळे दिसले. भांडायचं बरंच ठरवून गेले होते. मागची माणसं ढकलत होती, पुजारी पुढं चला, पुढं चला म्हणत होता. मी हात जोडले, काही मागितलं नाही, आणि पुढं चालले.