मल्लूअण्णाच्या मॅकवर न उघडणाऱ्या साईटी

छापखान्यातली कात्रणं आणि किस्से, दोन्ही कितीही झाडून काढा, टेबलाखाली मूठभर सापडतातच! शाहूपुरीत मल्लूअण्णाच्या डीटीपीच्या दुकानात माझी वीस वर्षं गेली, म्हणजे माझ्याकडं पोतंभर असायला हरकत नाही. मी तिथं प्रूफं तपासायचो. म्हणजे चहा प्यायचो आणि मधून मधून चुका काढायचो.

मल्लूअण्णाचं घराणं मूळचं गुळाच्या व्यापारातलं. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि भांडताना दोन्ही. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मुंबईच्या एका जाहिरातवाल्यानं आपला जुना मॅक विकायला काढला. अण्णानं तो गूळ पोचवून परतणाऱ्या ट्रकमधून, मांडीवर घेऊन कोल्हापूरला आणला. गावात सगळ्यांकडं विंडोज, आणि इंटरनेट म्हणजे पडद्यावरचा तो निळा 'ई', विंडोजबरोबर येणारा ब्राउझर; साईटीही त्याच्यासाठीच बनायच्या. अण्णाकडं मात्र मॅक! पत्रिका अशा देखण्या निघायच्या की खुद्द नवरा-नवरीला कॉम्प्लेक्स यावा. खोट एकच, जगातली एक वेबसाईट त्याच्यावर धड उघडेल तर शपथ.

अण्णाला त्याचं काही नव्हतं. त्याला काळजी होती ती लेकीच्या लग्नाची. शैला एकुलती एक, आणि मॅक चालवायची तीच. तीन स्थळं तिनं वाटेला लावली होती, कारण तिघांनीही एकच पाढा म्हटला होता, "लग्नानंतर हे दुकानाचं बंद."

*

पहिली साईट कशीबशी उघडली तर तळाला सूचना, 'ही साईट निळ्या ई मध्ये, ८०० बाय ६०० वर उत्तम दिसते.'

अण्णा छपाईतला माणूस. त्यानं लगेच टेप काढला.

"आठशे मिलिमीटर? म्हंजे अडीच फुटाच्या वर की! येवढा मॉनिटर कुठनं आणायचा?"

मी म्हटलं, "अण्णा, मिलिमीटर न्हवं ते. ठिपके हायत."

"मग तसं लिवायचं की! आमी मापाबिगर आकडा छापला तर गिऱ्हाईक पत्रिका तोंडावर फेकतंय!"

*

मराठी वर्तमानपत्रं नुकतीच इंटरनेटवर आली होती. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, आणि तो फक्त विंडोजवर बसणारा. मॅकवर बातमी उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांची भेळ.

एके सकाळी बघतो तर अण्णा ती भेळ घडाघडा वाचतोय! "गगनबावड्यात दरड कोसळली... वाहतूक बंद..."

मी चाट. मग उलगडा झाला. मॅक यायच्या आधी दहा वर्षं अण्णानं जुन्या मशीनवर त्याच धर्तीच्या फॉन्टमध्ये टायपिंग केलेलं. कुठली कळ दाबली की कुठलं मराठी अक्षर उमटतं, हे बोटांना पाठ, आता डोळ्यांनाही.

आमच्यात बसणारे पाटील सर म्हणाले, "अण्णा, फॉन्ट मिळतोय का बघू या."

"कशाला? डोळ्यात बसलाय की!"

*

हे पाटील सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, गडमुडशिंगीहून रोज स्कूटरवर यायचे आणि विंडोजऐवजी लिनक्स वापरायचे. निळ्या ई चं नाव काढलं तरी चूळ भरणारा माणूस!

त्यांच्या बँकेची साईट लिनक्स दिसताच दारातूनच हाकलायची. सरांनी एक युक्ती शोधली. आपल्या ब्राउझरला निळ्या ई चं सोंग घ्यायला लावलं. दार उघडलं! आम्ही टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात पाटी आली, 'आपला निळा ई जुना झाला आहे. कृपया नवा घ्या.'

सर खुर्चीत बसले. "जन्माचा वैरी, त्याचं सोंग घेतलं... आणि ते बी म्हातारं निघालं!"

*

शैलाची तऱ्हा वेगळी. दुकानाच्या परवान्याचा एक फॉर्म ऑनलाईन भरायचा होता. सगळा भरला, पण मॅकवर 'सबमिट'चं बटनच दिसेना.

पोरगी उठली, शेजारच्या सायबर कॅफेत गेली, तिथल्या मशीनवर तीच साईट उघडली आणि पडद्याला फूटपट्टी लावली. कॅफेवाला म्हणाला, "ताई, काय झेरॉक्स काढायची हाय काय?"

परत येऊन तिनं मॅकच्या पडद्यावर डाव्या कडेपासून साडेअकरा सेंटिमीटर मोजलं, वरून एकोणीस, आणि त्या कोऱ्या जागेवर टिचकी मारली.

'आपला अर्ज स्वीकारला आहे!'

अण्णा म्हणाला, "कोऱ्या पडद्यावर नेम धरतीया आणि तीन-तीन स्थळं चुकवतीया!"

*

शेवटी अण्णानं तिचं नाव समाजाच्या वधूवर साईटवर घालायचं ठरवलं. एकट्यानं, शैला जेवायला गेली असताना, मॅकवरून!

नाव, गाव टाइप झालं. पण 'व्यवसाय'ची यादी मॅकवर उघडेना. अण्णानं तीनदा टिचकी मारली, देवाचं नाव घेतलं आणि फॉर्म पाठवून दिला.

आठवड्याभरात स्थळांची रीघ! पहिले आले कोडोलीचे एक निवृत्त हेडमास्तर, सोबत नातू. दुसरे रिटायर्ड तलाठी, कवळी नवीन. तिसऱ्यांनी तर पेन्शनचं पुस्तकच पुढं ठेवलं.

शैलानं शेजारच्या कॅफेत जाऊन साईट बघितली. यादी न उघडल्यानं तिच्यातली पहिली नोंद आपोआप लागली होती.

'व्यवसाय: निवृत्त.'

*

शैलानं साईटच्या पुण्याच्या हेल्पलाईनला फोन लावला. फोन उचलायला दुसरं कोणी नसल्यानं तो साईट बनवणाऱ्यानंच उचलला. संगमेश त्याचं नाव, मूळचा निपाणीचा.

"तुमच्या साईटवर मी रिटायर झालेय. मला परत कामावर घ्या."

"मॅडम, निळ्या ई मध्ये उघडा ना."

"न्हाय आमच्याकडं."

"मग शेजारी जाऊन उघडा."

"शेजारी जाऊन लग्न बी तिथंच करू काय?"

नोंद बदलणं दोन मिनिटांचं काम, ते राहिलंच. फोन महिनाभर चालले. अण्णा मला म्हणाला, "लई मोठा बिघाड दिसतोय!"

*

आणि एका रविवारी संगमेश आईवडिलांना घेऊन शैलाला बघायला आला. लग्नसराईची कामं तुंबलेली, म्हणून कार्यक्रम दुकानातच. अण्णा घामाघूम. पेन्शनवाले सोडले तर हे चौथं स्थळ, हे गेलं तर पुढं बहुतेक पुन्हा हेडमास्तरच!

मुलाचे वडील कौतुकानं म्हणाले, "पोरगा पुण्यात साईटी बनवतोय."

शैला पोह्यांची बशी देत म्हणाली, "म्हाईत हाय. आमच्यात एक बी उघडत न्हाय."

अण्णानं कपाळाला हात लावला.

संगमेश गडबडला. "म्हणजे... मॅकवाल्या चार टाळक्यांसाठी कंपनी वेळ देत नाही हो."

"त्यातलं एक टाळकं तुमच्याफुडं पोहे घेऊन उभं हाय."

पोराचं तोंड उतरलं. पण गडी उठला, बशी बाजूला ठेवली, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मॅकसमोर बसला. पुण्यातल्या सर्व्हरला जोडणी लावली आणि साईटची दुरुस्ती सुरू. शैला शेजारी उभी राहून कुठं काय अडतं ते दाखवत होती. एक तास गेला. दोन गेले. पोहे थिजले.

त्याची आई वैतागली. "आरं, पोरीकडं बघ तरी!"

"थांब अव्वा, यादी उघडू दे."

साडेपाचला यादी उघडली! नोकरी, शेती, व्यापार, सगळं झरझर खाली आलं. शैलानं 'निवृत्त'वरनं बाण हलवला आणि 'छपाई'वर टिचकी मारली.

अण्णानं घसा खाकरला. "पावणं, एक विचारायचं ऱ्हायलं. लग्नानंतर हिचं हे दुकानाचं..."

"सोडायचं? आणि मग माझ्या साईटी तपासणार कोण?"

इतक्यात त्याचा मोबाईल वाजला. पुण्याचे साहेब. आवाज असा की आम्हा सगळ्यांना ऐकू यावा.

"अरे, काय करून ठेवलंस? सगळीकडं साईट बंद पडलीय! अख्खा महाराष्ट्र बोंबलतोय!"

संगमेशनं शैलाकडं बघितलं आणि फोनमध्ये शांतपणे म्हणाला,

"महाराष्ट्राचं उद्या बघू, सर. आज इथं उघडलीय."